दौलताबादची अंधारी

आई बाळंतीण होती म्हणून आमच्याबरोबर आली नाही. एवढी एक गोष्ट वेगळी असती तर पुढचं सगळंच वेगळं झालं असतं, असं मला आजही वाटतं, आणि वाटून काही उपयोग नाही हेही आता पुरतं कळलेलं आहे. केदारखेड्याच्या आमच्या घराचा सगळा कारभार त्या दिवसांत एका खोलीभोवती फिरत होता. खोलीच्या दाराला जाड चादर लावलेली, आत बाजेखाली शेगडी. शेगडीत ओवा आणि बाळंतशेपा पडला की धुरी चादरीखालून ओसरीवर यायची आणि आम्ही खोकत अंगणात पळायचो. बाळ तीन आठवड्यांचं होतं. सव्वा महिना होईपर्यंत आईला त्या चादरीबाहेर पाऊल टाकायची परवानगी नव्हती. तिच्या जागी चूल सांभाळायची ती अक्का, माझी थोरली बहीण. ती पंधराची, मी दहाची. पहाटे जात्याची घरघर सुरू व्हायची, ती थांबली की भाकरी थापल्याचा आवाज यायचा, आणि आई आतून ऐकून सांगायची, "पीठ सैल झालंय गं, अक्का." आवाजावरून तिला पीठ कळायचं. माणसंही कळायची, हे मला पुढे समजलं.

दादा, म्हणजे आमचे वडील, गावचे पटवारी होते. दफ्तर उर्दूत लिहायचे आणि भांडणं मराठीत सोडवायचे. स्वभावाने गरीब माणूस. कुणालाही नाही म्हणता येत नाही, हा त्यांचा गुण म्हणून सगळा गाव सांगायचा. माझ्या मते तो गुण नव्हता. अक्काच्या पत्रिकेत मंगळ होता, त्यामुळे तीन स्थळं येऊन परत गेली होती. मंगळाच्या मुलीला बिजवर चालतो, ज्याची पहिली बायको गेली आहे त्याला मंगळ काय करणार, असं लोक दादांना सांगायचे. आदल्या वर्षी तसं एक स्थळ आलं तेव्हा अक्काने दोन दिवस अन्नाला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी आईने दादांना देवापुढे उभं केलं आणि पोरीला बिजवराच्या घरी देणार नाही असा शब्द घेतला. दादांनी तो लगेच दिला. ते सगळ्यांनाच सगळं लगेच द्यायचे.

अशात जालन्याहून आत्या आली. ही दादांची थोरली बहीण, विधवा, बोलायला फटकळ आणि कामाला वाघ. बाळाला झबलं-टोपडं दिलं, आईच्या हातावर डिंकाचे लाडू ठेवले, आणि संध्याकाळी ओसरीवर बसून सहज म्हणाली, "पोरी घरात कोमेजून राह्यल्या. चार दिवस मी नेते. औरंगाबाद बघून येऊ, पाणचक्की, दौलताबाद. आगगाडीत बसून जाऊ." दादा मान खाली घालून सुपारी कातरत होते. त्यांनी वर पाहिलंच नाही. अक्काच्या हातात परात होती, ती तिने खाली ठेवली आणि विचारलं, "खरंच का, आत्या? गाडीत?" अक्काने तोपर्यंत रूळसुद्धा पाहिले नव्हते. त्या रात्री तिने मला इतके प्रश्न विचारले की जणू मीच ती गाडी चालवणार होते.

निघायच्या आदल्या दुपारी आईने मला एकटीला आत बोलावलं. धुरीमुळे तिचे डोळे लाल झाले होते, का आणखी कशाने ते मला माहीत नाही. ती म्हणाली, "माझ्या पेटीतली हिरवी साडी जाग्यावर न्हाई. तू घेतली का?" मी नाही म्हणाले. ती जरा वेळ बाळाच्या पाठीवर थोपटत राहिली. मग तिने माझं मनगट घट्ट धरलं. "हे बघ, अक्काचा हात सोडायचा न्हाई. गाडीत न्हाई, बाजारात न्हाई, झोपताना बी न्हाई. कळलं का?" मला वाटलं, गर्दीत हरवू नये म्हणून सांगते आहे. मी म्हटलं, "मंग अक्काला सांग ना, ती मोठी आहे." आई म्हणाली, "तिला न्हाई, तुला सांगून राह्यले मी." एवढंच. तिने दादांना का विचारलं नाही, हे मी मोठी झाल्यावर तिला एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, विचारलं असतं तर त्यांनी पुन्हा शब्द दिला असता.

बैलगाडी झुंजुमुंजू होताना निघाली. राजूरला गणपतीपुढे नारळ फोडला. आत्याने तिथे अक्काच्या कपाळाला इतकं कुंकू लावलं की अक्का हसत म्हणाली, "आत्या, मी का जत्रेचा बैल आहे?" आत्या हसली नाही. जालन्याला आत्याच्या घरी मुक्काम करून सकाळी स्टेशनवर गेलो. आत्याबरोबर एक पत्र्याची ट्रंक होती. चार दिवसांच्या मानाने जड. कुणी हात लावला की ती म्हणायची, "राहू दे, मी बघते." ट्रंकेला कापराचा आणि कोऱ्या कापडाचा वास येत होता. गाडी आली तेव्हा अक्काने माझा हात इतका दाबला की बोटं दुखली, आणि मला बरं वाटलं, कारण हात सोडायचा नाही ही जोखीम आपोआप पार पडत होती. बदनापूर गेलं, करमाड गेलं. अक्का खिडकीतून डोकं आत घेईना. कोळशाची बारीक कणी डोळ्यात जाऊन एक डोळा लाल झाला तरी दुसऱ्याने बघत होती. दादा समोरच्या बाकावर बसले होते. मी त्यांना दशमी दिली, ती त्यांनी औरंगाबाद येईपर्यंत हातात नुसती धरून ठेवली.

स्टेशनवर दादांचे एक स्नेही घ्यायला आले होते, असं आम्हाला सांगितलं गेलं. माधवराव त्यांचं नाव. अदालतीत पेशकार, म्हणजे मुन्सफांपुढे कागद ठेवणारे. काळी शेरवानी, गळ्यापर्यंत बटणं, कानाजवळ पांढरे झालेले केस, वय दादांपेक्षा दोन-चार वर्षांनी कमी असेल. वाईट माणूस नव्हता. मला हे लिहायला आवडत नाही, पण खरं तेच लिहिलं पाहिजे. त्यांनी मला खडीसाखर दिली आणि अक्काच्या डोळ्यात कणी गेली आहे हे आधी त्यांनाच दिसलं. त्यांनी टांगेवाल्याकडून पाणी मागून घेतलं. अक्का डोळा धूत असताना ते तिच्याकडे बघत होते, आणि आत्या त्यांच्याकडे बघत होती. बघायला आलो होतो आम्ही, आणि सगळी बघाबघी दुसरीकडेच चालली होती. हे आज लिहिताना सुचतं. तेव्हा मी खडीसाखर खात होते.

धर्मशाळेत सामान ठेवून त्यांच्याकडे जेवायला गेलो. घरात त्यांची म्हातारी आई, आणखी कुणी बाईमाणूस नाही. पानात पुरणपोळी होती, कटाची आमटी होती, कुरडया होत्या, पानाभोवती रांगोळी होती. शनिवारचा दिवस, ना सण ना वार, आणि आम्ही कोण लागून गेलो होतो? अक्काने मला कोपराने डिवचलं आणि डोळ्यांनीच विचारलं, हे काय? जेवण झाल्यावर हात धुवायला मी परसात गेले. विहिरीच्या पलीकडे कुंपणाशी रुईचं एक झुडूप होतं, माझ्या छातीएवढं. त्याच्या पानापानावर हळदकुंकू वाहिलेलं, बुंध्याला पिवळ्या सुताचे फेरे गुंडाळलेले, सुतात दोन काळे मणी ओवलेले, वर हिरव्या खणाचा तुकडा, आणि खाली ओल्या मातीत पिवळ्या अक्षता पडलेल्या. माझ्या मागे म्हातारी आली आणि म्हणाली, "तिकडं काय बघती? चल आत." तिने मला दंडाला धरून आत नेलं, पण रागावली नाही. उलट हातावर आणखी एक खडीसाखरेचा खडा ठेवला.

जेवणानंतर पाणचक्कीला गेलो. वडाच्या सावलीत तो मोठा हौद, हौदात मासे, आणि आत पाण्याच्या जोरावर फिरणारं जातं. अक्का त्या जात्यापुढून हलेना. कुणी खुंटा धरलेला नाही, कुणाचा दंड दुखत नाही, आणि पीठ पडतं आहे. "असलं जातं आईला पायजे," ती म्हणाली, "मी सासरी गेल्यावर तिला कोण दळून देईल?" मग हौदाच्या काठावर पाय सोडून बसलो तेव्हा तिने हळूच विचारलं, "परसात काय व्हतं गं? मला हळदीचा वास आला. म्हातारीनं मला जाऊ दिलं न्हाई." मी म्हणाले, "काही न्हाई, मारुतीची पूजा केलीये. रुईला." आमच्या गावात शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ घालतात. शनिवार होताच. रुई होतीच. दहा वर्षांच्या पोरीने आणखी काय समजायचं? पण मारुतीला तेल लागतं, शेंदूर लागतो, आणि तिथे तेलाचा थेंब नव्हता, हे मी पाहिलं होतं. मणी पाहिले होते. मणी मी अक्काला सांगितले नाहीत. का नाही सांगितले, याचं उत्तर मी आयुष्यभर शोधलं आणि मला खडीसाखरेपलीकडे काही सापडलं नाही. अक्का पंधराची होती. तिला मण्यांचा अर्थ कळला असता. ज्याच्या दोन बायका गेल्या त्याला तिसरी लाभत नाही म्हणतात, म्हणून तो तिसरं लग्न रुईशी लावतो. जे काही व्हायचं ते रुईला होऊ दे, आणि माणसाची मुलगी चौथी म्हणून घरात येऊ दे. ते लग्न त्याच सकाळी लागलं होतं. बिजवर नव्हे, त्याच्याही पुढचा.

रविवारी सकाळच्या गाडीने दौलताबादला गेलो. माधवरावही आले. किल्ला लांबून दिसला तेव्हा अक्का म्हणाली, "केवढा सरळ कापलाय डोंगर, धरायला जागाच न्हाई." खंदकावरचा पूल ओलांडून वर गेलो. अंधारीच्या, म्हणजे किल्ल्यातल्या काळोख्या भुयाराच्या, तोंडाशी एक म्हातारा मशाल घेऊन बसलेला होता, रहीमचाचा म्हणून सगळे त्याला हाक मारत होते. आणखी सात-आठ बघे जमले तशी त्याने मशाल पेटवली आणि आम्हा दोघींकडे बघून म्हणाला, "बच्चियों, हाथ पकड़ के चलो. अंदर एक जगह उजाला दिखेगा. उधर नहीं जाना. वो उजाला झूठा है. दुश्मन उजाला देख के जाता था, सीधा खंदक में." अक्काने माझा हात धरला आणि कानात म्हणाली, "ऐकलं का? उजेडाकडं जायचं न्हाई." तिला मजा वाटत होती. मला मुळीच वाटत नव्हती.

आत पायऱ्या उंच आणि उखडलेल्या. वळणावर वळण. वटवाघळांचा उग्र वास. मशाल पुढच्या वळणाआड गेली की आपलेच पाय दिसेनात. आत्या मागे देवाचं नाव घेत होती. दादा माझ्या पुढे होते, त्यांच्या उपरण्याचं पांढरं टोक तेवढं कळत होतं. मग एकदम वरून वटवाघळं सुटली. फडफड माझ्या केसांवरून गेली. मी ओरडले आणि दोन्ही हातांनी दादांचं उपरणं धरलं. दोन्ही हातांनी. अक्काचा हात सुटला हे मला चार-पाच पायऱ्या वर गेल्यावर कळलं. डावीकडे कुठूनतरी उजेडाची तिरीप आली होती, आणि अक्काचा आवाज आला, "सुंदे, कुठं हायेस तू?" तो आवाज उजेडाकडून येत होता. पाय घसरल्याचा आवाज झाला, दगड सुटून खाली जात राहिल्याचा आवाज झाला. तो किती वेळ येत होता. रहीमचाचा मशाल घेऊन धावत मागे आला, "रुको, कोई हिलना नहीं." मशालीच्या उजेडात दिसलं ते असं: अक्का तिरीप येत होती त्या झरोक्याच्या तोंडाशी गुडघ्यांवर पडलेली, आणि माधवरावांनी तिचा हात मनगटापाशी धरलेला.

त्यांनी धरलं नसतं तर ती गेलीच होती. हेही मला लिहिलंच पाहिजे. पण तिला ओढून उभी केल्यावर त्यांनी हात सोडला नाही. वरच्या तोंडाने उन्हात बाहेर आलो तोवर सोडला नाही. कदाचित घाबरले असतील, कदाचित विसरले असतील. आत्या विसरली नव्हती. तिने घाम पुसला आणि सगळ्या बघ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात दादांना म्हणाली, "हात धरला त्यांनी. दहा माणसांसमोर धरला. देवानंच लावून दिलं, आता आपण कोण न्हाई म्हणणारे?" अक्काने आधी आपल्या हाताकडे पाहिलं, मग माधवरावांकडे. त्यांनी तेव्हा हात सोडला. मग ती दादांकडे वळली. तिच्या गुडघ्यावर रक्त आलं होतं. "दादा," ती म्हणाली, "तुम्ही मला काय बघायला आणलं?" दादा पायरीवर बसले. अक्काने पुन्हा विचारलं नाही. मला वाटलं आता ती माझ्याकडे बघेल, आणि तिने बघू नये म्हणून मी रहीमचाचाच्या मागे लपले. तो म्हातारा मशाल दगडावर घासून विझवत होता. "गिर जाती थी बेटी," तो स्वतःशीच म्हणाला, "बच गई."

सोमवारी सकाळी माधवरावांच्या घरात अक्षता पडल्या. ट्रंकेतून आईची हिरवी साडी निघाली. अक्काने आदल्या वर्षीसारखं उपवास-बिपवास काही केलं नाही, सांगितलं तिथे बसली, सांगितलं तेव्हा उठली. निघताना तिने मला जवळ घेतलं. मी रुईबद्दल सांगणार होते, तेवढ्यात तीच म्हणाली, "मी काल परसात जाऊन आले." तिचा आवाज रागाचा नव्हता, रागाचा असता तर फार बरं झालं असतं. "आईला सांग, पाणचक्की बघितली म्हणून. जातं आपोआप फिरतं म्हणावं."

अक्का त्या घरात पावणेदोन वर्षं नांदली. बाळंतपणाला तिला केदारखेड्याला आणायचं ठरलं होतं, बैलगाडीत गाद्याही घातल्या होत्या, पण आधीच निरोप घेऊन माणूस आला. ती गेली आणि बाळही गेलं. दिवसांना मी दादांबरोबर त्या घरी गेले तेव्हा परसात जाऊन पाहिलं. लग्नानंतर रुई तोडून टाकतात, तशी ती तोडली होती, पण मुळापासून पुन्हा फुटून माझ्या खांद्याएवढी झाली होती आणि जांभळ्या फुलांनी भरली होती. तिसरी जगली होती आणि चौथी गेली होती. मागच्या हिवाळ्यात माझी नात मला मोटारीने दौलताबादला घेऊन गेली. अंधारीत आता विजेचे दिवे आहेत म्हणाली, पायऱ्यांना कठडे आहेत, चल. मी खालीच बसून राहिले. गुडघे दुखतात म्हणाले. खरंच दुखतात.

पण मला सांगायचं आहे ते आम्ही परतलो त्या संध्याकाळचं. गाडीवानाने बैल सोडले, घुंगरं वाजली. आत्या जालन्यालाच उतरली होती. दादा आणि मी अंगण ओलांडून ओसरीवर आलो, आणि मी चादर बाजूला करून आत गेले. आईने बाळाला दूध पाजता पाजता मान वर केली. ती माझ्या मागे बघत नव्हती. दोनच माणसांची पावलं तिने आधीच ऐकली होती. मी सगळं पाठ करून आले होते, पाणचक्की, जातं. तिने बाळाला बाजेवर ठेवलं, पदर सावरला आणि माझा उजवा हात हातात घेऊन उलटासुलटा पाहिला.

"हात कुठं सुटला?" तिने विचारलं.

"अंधारीत."

"मंग तुझ्या हातात काय व्हतं?"

"दादांचं उपरणं," मी म्हणाले.

तिने दाराकडे पाहिलं. चादर जमिनीपासून वीतभर वर होती आणि तिच्याखाली दादांची पावलं दिसत होती, प्रवासाच्या धुळीने भरलेली. ती पावलं किती तरी वेळ तिथेच उभी होती. आत आली नाहीत.